गोंयच्या सायबाच्या दर्शनाला पहिल्यांदा जाताना

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचं शरीर जपून ठेवलंय, हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असतं. गोव्याच्या सहलीत त्यासाठी अर्धा तास राखूनही ठेवलेला असतो. बस थांबते, गाइड चांदीच्या पेटीकडे बोट दाखवतो, फोटो निघतात आणि मंडळी मंगेशीच्या वाटेला लागतात. हा लेख त्या अर्ध्या तासासाठी नाही. डिसेंबरातल्या सायबाच्या फेस्ताला म्हणजे सणाला, किंवा दर दहा वर्षांनी होणाऱ्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला, यात्रेकरू म्हणून पहिल्यांदा निघालेल्यांसाठी तो आहे. तुम्ही कॅथलिक आहात की नाही, हे त्या रांगेत कुणी विचारत नाही. हिंदू माणसं पिढ्यान्‌पिढ्या येतात, नवस बोलतात, फेडायला परत येतात. गोंयकार झेवियर यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतो तो सगळ्यांचा म्हणूनच.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. रांगेत तास जातात आणि पेटीसमोर काही क्षणच मिळतात. त्या क्षणांत जे मिळायचं ते आपण मनात काय घेऊन गेलो यावर ठरतं. म्हणून गाडीची तिकिटं आणि लॉजचं बुकिंग याइतकीच दुसरी तयारीही खाली सविस्तर दिली आहे.

आधी ठरवा: कोणत्या वेळी जायचं

तीन वेळा आहेत आणि तिन्हींचा अनुभव अगदी वेगळा आहे.

पहिली म्हणजे वर्षातला कुठलाही साधा दिवस. संतांचं शरीर जिथे आहे ती बॉम जेझस बॅसिलिका (मोठं चर्च) साधारण सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत खुली असते. रविवारी सकाळी मिस्सा (सामूहिक प्रार्थनाविधी) असतात, त्यामुळे पाहायला येणाऱ्यांना उशिरा आत सोडतात. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. मात्र या दिवशी शरीर जवळून दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. पेटी उंच संगमरवरी समाधीवर असते. खालून दिसतं ते चांदीचं काम, मधल्या काचा आणि फार तर आतली एक अंधुक आकृती. पण शांतता हवी असेल, दहा मिनिटं बाकावर बसून प्रार्थना करायची असेल, तर हीच वेळ सर्वात चांगली. म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी हाच सल्ला देते.

दुसरी वेळ नोव्हेना आणि फेस्ताची. दरवर्षी २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर असे नऊ दिवस नोव्हेना म्हणजे फेस्तापूर्वीच्या प्रार्थना आणि ३ डिसेंबरला, संतांच्या मृत्यूच्या दिवशी, फेस्त. गोव्यात त्या दिवशी सुट्टी असते. बॅसिलिकाशेजारच्या मोकळ्या जागेत मोठा मांडव घालतात. पहाटेपासून एकामागून एक मिस्सा होतात आणि सकाळची मुख्य मिस्सा बिशप मंडळी अर्पण करतात. पेटी याही दिवशी वरच असते. फेस्ताला माणसं येतात ती शरीर पाहायला नव्हे, सायबाच्या दारात उभं राहायला. पहिल्यांदा जाणाऱ्याने मुख्य दिवसाऐवजी नोव्हेनातला आठवड्याच्या मधला एखादा दिवस निवडावा. भक्तीचं वातावरण तेच मिळतं आणि चेंगराचेंगरी टळते.

तिसरी वेळ दहा वर्षांतून एकदा येते. वर्तमानपत्रांत जिला शवप्रदर्शन सोहळा म्हणतात ती हीच. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. पेटी समाधीवरून खाली उतरवतात, मिरवणुकीने रस्त्यापलीकडच्या सी कॅथेड्रलमध्ये नेतात आणि तिथे लोकांना काचेतून जवळून दर्शन घेता येतं. सोहळा संपला की ती पुन्हा बॅसिलिकात येते. हाच क्रम राहिला तर पुढचं दर्शन २०३४ च्या अखेरीस. तेव्हाच्या तारखा, वेळा, गटांची नोंदणी आणि वाहनतळ याबद्दल गोव्याचं आर्चडायोसिस (चर्चचा मुख्य धर्मप्रांत) आणि राज्य सरकार वेळेवर जाहीर करतात. तेवढंच खरं माना, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं वेळापत्रक नको.

निघण्यापूर्वी: कुणाच्या दर्शनाला चाललोय?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पेटीसमोर फक्त कुतूहल उरतं.

फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ चा, स्पेनमधल्या नवार्रा प्रांतातल्या एका गढीत. पॅरिसला शिकताना त्यांची इग्नेशियस लोयोला यांच्याशी गाठ पडली. ज्या मोजक्या साथीदारांनी येशूसंघ (जेझुइट धर्मगुरूंचा संघ) स्थापला त्यांत ते एक. ६ मे १५४२ ला ते गोव्यात उतरले. राहिले ते इस्पितळात, आजाऱ्यांची आणि कैद्यांची सेवा करत. हातात घंटा घेऊन ते गल्ल्यांतून फिरत आणि मुलांना धर्मशिक्षणाला बोलावत. पुढे तमिळ किनाऱ्यावरचे मोती काढणारे कोळी, मलाक्का, मोलुक्का बेटं आणि १५४९ साली जपान, अशी दहाच वर्षांची ती पायपीट. आम्हा वसईकरांना यात एक आपला धागा सापडतो. जपानात झेवियर यांनी जे काम सुरू केलं त्याच कामात पुढे वसईचा एक मुलगा गेला, गोन्सालो गार्सिया. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला क्रुसावर मरण आलं आणि १८६२ साली तो संत ठरला. मुंबईकरांना तर झेवियर हे नाव १८६९ पासून एका कॉलेजच्या पाटीवर रोज दिसतं.

चीनमध्ये शिरायची परवानगी मिळेल या आशेवर शांगच्वान बेटावर थांबलेले असताना ३ डिसेंबर १५५२ ला झेवियर गेले. वय ४६. मांस लवकर झडावं आणि अस्थी नेता याव्यात म्हणून त्यांना चुन्यात पुरलं होतं. अडीचएक महिन्यांनी उकरलं तेव्हा शरीर जसंच्या तसं होतं. ते मलाक्काला नेलं, तिथे काही महिने पुन्हा मातीत होतं आणि १६ मार्च १५५४ ला ते गोव्यात आलं. धक्क्यावर लोटलेल्या गर्दीपासून आजच्या रांगेपर्यंतची परंपरा तिथून सुरू होते. १२ मार्च १६२२ ला त्यांना संतपद मिळालं. त्यानंतर शरीर बॉम जेझसमध्ये आलं आणि १६३६-३७ मध्ये गोव्यातल्याच सोनारांनी चांदीची पेटी घडवली. तिच्या चौकटींत संतांच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत. पेटीखालची संगमरवर आणि जास्परची समाधी फ्लॉरेन्सची. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने ती भेट दिली, शिल्पकार फोज्जिनीने दहा वर्षं खपून केली आणि १६९८ मध्ये ती इथे उभी राहिली. गोव्याची चांदी वर, इटलीचा संगमरवर खाली. समोर उभे राहाल तेव्हा हा सांधा जरूर पाहा.

आता शरीराबद्दल स्पष्ट बोलू, कारण याच बाबतीत नवे लोक गोंधळतात. तुम्हाला दिसेल ते जवळपास पावणेपाचशे वर्षांपूर्वीचं, सुकलेलं, आकसलेलं शरीर. अंगावर पुरोहिताची वस्त्रं, चेहरा आणि पावलं ओळखू येतील अशी. ते पूर्णही नाही. १६१४ मध्ये उजव्या हाताचा कोपराखालचा भाग रोमला नेला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. पायाचं एक बोट एका पोर्तुगीज बाईने भक्तीच्या भरात चावून नेलं, असं परंपरा सांगते. नखं वाढतात, केस वाढतात, असलं काही बाजारात ऐकाल. चर्चचा तसा दावा नाही. चर्च त्याला पवित्र अवशेष म्हणतं आणि आदर करायला सांगतं, पूजा नव्हे. कॅथलिक श्रद्धेत पूजा फक्त देवाची. संताच्या देहाला मान का, तर त्या देहाने देवाचं काम केलं म्हणून. पाहून कुणी दचकतं, कुणाला रडू येतं, कुणाला काहीच वाटत नाही. तिन्ही ठीक. मुलांना मात्र काय दिसणार आहे ते आदल्या दिवशीच शांतपणे सांगून ठेवा.

लोकांसमोर शरीर ठेवायची प्रथा पडली तीही एका अफवेमुळे. १७५९ मध्ये पोर्तुगालने येशूसंघीयांना हाकलून लावलं. जाताना त्यांनी संताचं शरीरही पळवलं अशी कुजबुज गोव्यात सुरू झाली. ती थांबवण्यासाठी १७८२ मध्ये तीन दिवस पेटी उघडून सगळ्यांना दाखवली. नंतर १८५९, १८७८ असं होत होत विसाव्या शतकात साधारण दहा वर्षांचा क्रम बसला. पूर्वीच्या सोहळ्यांत पावलांचं चुंबन घेऊ देत. आता शरीर जपण्यासाठी काच असते.

मराठी माणसाने इथे आणखी एक गोष्ट आठवावी. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेटावरचा किल्ला घेतला आणि पोर्तुगिजांची राजधानी धोक्यात आली. तेव्हा पोर्तुगीज विजरई (राजाचा प्रतिनिधी) कोंद द आल्व्होर बॉम जेझसमध्ये गेला, शवपेटी उघडवली आणि आपल्या अधिकाराची काठी संताच्या हाती ठेवून शहर वाचव म्हणून विनवणी केली. त्याच सुमाराला मोगल फौज कोकणात उतरत होती, म्हणून महाराजांना माघारी वळावं लागलं. त्यानंतर नवा विजरई पदाची काठी संतापुढूनच स्वीकारू लागला. आपल्या इतिहासाचं एक पान या पेटीशी असं जोडलेलं आहे, हे सहलीतल्या गाइडकडून मी फारसं ऐकलेलं नाही.

आणि जे बोलायला जड जातं तेही. झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) यावं अशी मागणी केली होती. ते आलं १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आणि १८१२ पर्यंत राहिलं. सोळाव्या शतकात गोव्याच्या तिसवाडी आणि साष्टी भागांतली देवळं पाडली गेली. मंगेशी, शांतादुर्गा हे देव खाडी ओलांडून फोंड्याकडे गेले ते त्याच काळात. श्रद्धा असलेल्या माणसाने हे टाळू नये, आणि श्रद्धा नसलेल्याने ते रांगेतल्या आजीबाईंच्या अंगावर फेकू नये. आपला आजारी नातू घेऊन आलेल्या बाईला तिच्या सायबाशी दोन शब्द बोलायचे असतात. वादाच्या जागा वेगळ्या आहेत.

पोचायचं कसं, उतरायचं कुठे

रेल्वेने येणाऱ्यांनी मडगावचं तिकीट काढू नये. जुन्या गोव्याला सर्वात जवळचं स्टेशन करमळी. मुंबईहून येणाऱ्या मांडवी आणि कोंकणकन्या दोन्ही तिथे थांबतात. स्टेशनवरून रिक्षा-टॅक्सीने काही मिनिटांचाच रस्ता आहे, पण फेस्ताच्या दिवशी वाहन मिळेल याची खात्री नाही. पाय धड असतील तर चालतही जाता येतं. पणजीच्या कदंब बसस्टँडवरून जुनं गोवं दहाएक किलोमीटर. फोंड्याच्या बस त्याच रस्त्याने जातात आणि नोव्हेनाच्या दिवसांत जादा गाड्याही असतात. जाताना रायबंदरपर्यंत मांडवीच्या काठाने जो लांब दगडी बांध लागतो तो १६३० च्या दशकातला आहे. डावीकडे नदी आणि उजवीकडे मिठागरांची जागा असं ते दृश्य बसच्या खिडकीतून चुकवू नका.

स्वतःची गाडी घेऊन सावंतवाडी-पत्रादेवी मार्गे येणारे बरेच असतात. फेस्ताच्या आणि दर्शनाच्या दिवसांत पोलीस गाड्या दूरच अडवतात. पणजीत गाडी लावून बसने पुढे जाणं हेच शहाणपण.

राहायला पणजी किंवा रायबंदर बघा. खुद्द जुन्या गोव्यात सोय थोडी आहे. डिसेंबर हा गोव्यातला पर्यटनाचा ऐन हंगाम, तेव्हा बुकिंग महिना-दोन महिने आधी. स्वस्तात हवं तर आपल्या पॅरिशमधून (स्थानिक चर्चमधून) जाणाऱ्या गटात नाव द्या. वसई-मुंबईहून अशा बस निघतात आणि त्यांची उतरायची सोय फादर लोकांनी आधीच पाहिलेली असते.

चालत जाणारेही असतात. सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार इथून पुढे क्रूस धरून, रोझरी (माळेवरची प्रार्थना) म्हणत जथे निघतात. पायी जायची इच्छा असेल तर अनुभवी जथ्याबरोबरच जा, एकट्याने नको. चालणं बरंचसं रात्री आणि पहाटे होतं, रस्ता हमरस्ता आहे आणि ट्रकवाल्याला काळोखात माणूस दिसत नाही. पाठीवर चमकणारी पट्टी, हातात बॅटरी, आणि नवे बूट अजिबात नकोत.

अंगावर काय, पिशवीत काय

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांचे कपडे आणि हाफ पँट घालून आलेल्यांना दारावर थांबवतात आणि ते योग्यच आहे. साडी, सलवार, साधी पँट-शर्ट काहीही चालतं. डोक्यावर पदर घ्यायची सक्ती नाही. पुरुषांनी मात्र टोपी आत काढायची. चपला काढायच्या नाहीत, हे हिंदू मित्रमंडळींना मुद्दाम सांगावं लागतं. दाराबाहेर काढलेल्या चपला शोधत मग अर्धा दिवस जातो.

नोव्हेंबर संपत आला तरी दुपारचं ऊन गोव्यात चांगलंच लागतं. पाण्याची बाटली, छत्री किंवा टोपी, औषधाची गोळी चुकवून चालणार नसेल तर ती, आणि थोडे सुटे पैसे. एवढंच. मोठी बॅग लॉजवर ठेवा, तपासणीच्या जागी तिचाच खोळंबा होतो. मुलांच्या खिशात आईवडिलांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा. सी कॅथेड्रलला एकच मनोरा आहे, जोडीचा दुसरा १७७६ मध्ये कोसळला. तो एकटा मनोरा लांबूनही ओळखू येतो, त्याच्या पायथ्याशी भेटायचं.

रांगेत

शनिवार, रविवार, ३ डिसेंबर आणि नाताळची सुट्टी हे दिवस शक्यतो टाळा. आठवड्याच्या मधल्या दिवशी भल्या सकाळी रांग त्या मानाने हलकी असते. वृद्ध, अपंग आणि तान्ही मुलं घेतलेल्यांसाठी वेगळी सोय असते. ती कुठून आहे हे रांगेत उभं राहण्यापूर्वीच स्वयंसेवकाला विचारा, मध्यावर पोचल्यावर नको. गोव्यातल्या पॅरिशमधली मुलं-मुली हे काम करतात. मराठीत विचारलंत तरी कोंकणीत नीट समजावून सांगतात. ‘देव बरें करूं’ (धन्यवाद) एवढं म्हणायला शिकून घ्या.

पंढरीची दर्शनबारी ज्याने पाहिली आहे त्याला इथलं वागणं शिकवावं लागत नाही. पुढच्याला ढकलू नये, जागा धरू नये, वेळ नामात घालवावा. इथे तो रोझरीत जातो. रोझरी येत नसेल तर कुणासाठी काय मागायचं आहे ते मनात नीट जुळवा. पुष्कळ जण एका कागदावर घरच्यांची नावं लिहून आणतात. मला ही पद्धत फार आवडते. ऐनवेळी सगळं विसरायला होतं आणि कागद विसरत नाही.

पेटीसमोर

दहा वर्षांनी होणाऱ्या दर्शनात मागून लोक सरकत असतात, स्वयंसेवक हळू आवाजात पुढे चला म्हणत असतो. म्हणून क्रम आधीच मनात ठेवा. जवळ येताना मोबाइल खिशात. समोर आल्यावर थांबायला मिळेल तेवढं थांबून हात जोडा किंवा क्रुसाची खूण करा. काचेला हात लावता आला तर लावा, नाही तर आग्रह नको. फूल, हार, पैसे पेटीवर ठेवायचे नाहीत. चेहऱ्याकडे बघा, मग पावलांकडे. ही पावलं जपानपर्यंत चालली आहेत. मग पुढे व्हा.

खरी प्रार्थना पुढे गेल्यावर करायची. दर्शन झाल्यावर लोक लगेच बाहेरच्या उन्हात पळतात. तसं करू नका. कॅथेड्रलमध्ये किंवा बॅसिलिकात एका बाजूच्या बाकावर पंधरा मिनिटं बसा. जे पाहिलं ते तिथे मनात उतरतं. गुडघे टेकण्यासाठी बाकाच्या पुढे जी फळी असते तिच्यावर पाय ठेवू नका. तांबडा दिवा जळत असलेल्या जागी पवित्र साक्रामेंत (ख्रिस्तप्रसाद) असतं, तिथे कुजबुजसुद्धा नको. दाराजवळच्या भांड्यातलं पाणी बोट बुडवून क्रुसाची खूण करण्यासाठी असतं, ते तीर्थासारखं पिऊ नये. आणि फोटो? कुठे चालतात आणि कुठे नाही याच्या पाट्या आहेत, त्या पाळा. समाधीला पाठ करून सेल्फी काढू नका, पाटी असो वा नसो.

मिस्सेला बसलात तर

जरूर बसा. बहुतेक मिस्सा कोंकणीत असतात, काही इंग्रजीत. नोव्हेनात इतर भाषांतल्याही ठेवतात, त्या दिवसाचा फलक बघा. मालवणी कानाला कोंकणी जड जात नाही. प्रवचन चालू झालं की पाच मिनिटांत लय सापडते. साधारण तासाभराचा विधी. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकणं जमत नसेल तर बसून राहिलात तरी चालतं. शांती देण्याच्या वेळी शेजारी तुमच्याकडे वळून हात जोडतील, तुम्हीही जोडा.

एक नियम मात्र ठाम आहे. ख्रिस्तप्रसादासाठी लोक रांग करतात तेव्हा कॅथलिक नसलेल्यांनी जागेवरच बसून राहावं. मंदिरातला प्रसाद सगळ्यांना मिळतो म्हणून पुष्कळ चांगली माणसं निरागसपणे हात पुढे करतात. कॅथलिकांसाठी ते ख्रिस्ताचं शरीर आहे आणि ते घेणं म्हणजे त्या श्रद्धेला हो म्हणणं. न घेण्यात तुमचा अपमान नाही, उलट त्यांचा मान आहे. कॅथलिक वाचकांनी तासभर आधीपासून काही न खाण्याचा नियम लक्षात ठेवावा. कन्फेशन घ्यायचं असेल तर मिस्सेच्या बरंच आधी पोचावं, फेस्ताच्या दिवसांत तिथेही रांग असते.

मेणबत्ती, नवस आणि फेरी

मेणबत्त्या आत लावायच्या नसतात, त्यासाठी बाहेर जागा केलेली असते. वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हात-पाय वाहतात तशी मेणाची अवयवचित्रं इथल्या फेरीतही (फेस्ताच्या बाजारातही) विकायला असतात. ज्याचं जे दुखणं त्याचं ते. घरच्या कुणाच्या नावाने मिस्सा सांगायची असेल तर कार्यालयात नाव आणि हेतू लिहून द्या. तिथेच दानाची पावतीही मिळते. रस्त्यात वही घेऊन फिरणाऱ्या कुणाला पैसे देऊ नका.

अवशेष म्हणून विकली जाणारी कुठलीही वस्तू घेऊ नका. संतांचे अवशेष विकण्याला चर्चच्या कायद्यातच मनाई आहे. रोझरी, तसबीर, पदक मात्र जरूर घ्या आणि एखाद्या फादरकडून आशीर्वादित करून घ्या.

फेरीत खाज्यांचे ढीग असतात. आलं घातलेल्या गुळाच्या पाकातलं ते खाजं मालवणकरांना नवं नाही, पण फेस्ताचं खाजं घरी न्यायचा रिवाज आहे. ते आठवडाभर सहज टिकतं.

वेळ उरला तर

बॅसिलिकाच्या भिंती बाहेरून जांभ्याच्या उघड्या दगडाच्या दिसतात. त्या मुळात तशा नव्हत्या. वरचा चुन्याचा गिलावा गेल्या शतकात काढला आणि तेव्हापासून पावसाळा दगडाला खातो आहे. कोकणातल्या माणसाला जांभा उघडा पडला की काय होतं हे वेगळं सांगायला नको. त्या भिंतींना टेकून बसू नका, नावं कोरणं तर दूरच.

संत ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याकडे चढून जा. १६२४ मध्ये इराणात हालहाल करून मारलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवान हिच्या अस्थी ऑगस्टिन संघाच्या साधूंनी इथे आणून पुरल्या होत्या. पुरातत्त्व खात्याला त्या उत्खननात सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून त्यांची ओळख पटवली आणि २०२१ मध्ये भारताने त्यातला भाग जॉर्जियाला दिला. अवशेषांना माणसं एवढा मान का देतात हे समजायला ही मोडकी जागा मला फार मदत करते.

सांकवाळला संत जोझे वाझ यांचं तीर्थस्थान आहे, १६ जानेवारीला त्यांचा सण. हे गोव्याचे स्वतःचे संत. श्रीलंकेत लपतछपत सेवा करत १७११ मध्ये ते कॅंडीत वारले आणि त्यांचं थडगंही सापडलेलं नाही. २०१५ मध्ये संतपद मिळालं. जुन्या गोव्यात जाऊन आलात की तिथेही जा. पाहायला शरीर नाही, तरी लोक येतात.

परतीची गाडी करमळीहून असेल तर फेस्ताच्या दिवशी जुन्या गोव्यातून किमान दोन तास आधी निघा. बस भरून येतात, रिक्षा अडकतात, आणि करमळीला गाडी अगदी थोडा वेळ थांबते. डबा कुठे येतो ते स्टेशनवर विचारून आधीच त्या जागी उभे राहा.